एक किल्ली, एकेचाळीस कुलुपं : पासवर्ड-तपासणीच्या नोंदी

२ मार्च २०२५

सकाळी बाबांचा फोन. आवाज जरा दबलेला. "एक ईमेल आलीय. विषयाच्या जागी माझा पासवर्ड लिहिलाय. खराखुरा."

आतला मजकूर ठरलेल्या साच्यातला. तुमच्या संगणकात शिरलोय, कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलंय, बिटकॉइन पाठवा, नाहीतर ते तुमच्या ओळखीच्या सगळ्यांकडे जाईल. अशा ईमेली २०१८ पासून जगभर फिरताहेत. पाठवणाऱ्याकडे ना कॅमेरा असतो ना चित्रण. कुठल्यातरी संकेतस्थळावरून फुटलेली ईमेल-पासवर्डांची यादी तेवढी असते, आणि हीच धमकी लाखो लोकांना एकाच झटक्यात पाठवणारी एक आज्ञावली.

"बाबा, पैसे पाठवू नका आणि उत्तरही देऊ नका."

"ते मला कळतं गं. पण पासवर्ड त्याला कळला कसा?"

प्रश्न रास्त होता. उत्तर देताना मीच अडखळले, कारण तो पासवर्ड बाबांना मीच बनवून दिला होता, फार वर्षांपूर्वी. आणि त्याचाच पुढचा अर्धा भाग, मागे दोन अंक लावून, मी स्वतः अजून वापरते. किती ठिकाणी, ते आठवेना.

म्हणून ही वही. काम: बाबा, ताई आणि मी, तिघांचे कुठले पासवर्ड फुटले आहेत ते शोधणं आणि बदलणं. मी सुरक्षातज्ज्ञ नाही. नोकरीत लहानसहान स्क्रिप्ट लिहिते, तेवढंच भांडवल. एक नियम आजच ठरवला: "तुमचा पासवर्ड इथे टाइप करा, फुटलाय का सांगतो" असं म्हणणाऱ्या कुठल्याही पानावर, आत नेमकं काय चालतं हे कळेपर्यंत, चालू पासवर्ड टाइप करायचा नाही.

३ मार्च

आज फक्त ईमेल पत्ते. त्यासाठी 'हॅव आय बीन पोन्ड'. ट्रॉय हंट यांनी डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केलेली ही सेवा. इथे पासवर्ड मागत नाहीत. पत्ता टाकायचा, तो कुठल्या फुटलेल्या साठ्यात आहे ते दिसतं.

ही सेवा ज्या प्रकरणानंतर उभी राहिली ते अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचं, ऑक्टोबर २०१३ चं. पंधरा कोटींहून जास्त नोंदी बाहेर आल्या. पासवर्ड हॅश करण्याऐवजी (हॅश म्हणजे शब्दापासून बनवलेली चिन्हांची माळ, जिच्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही) एकाच किल्लीने सांकेतिक केले होते, तेही अशा रीतीने की दोघांचा पासवर्ड सारखा असेल तर सांकेतिक रूपही सारखंच. शेजारी लोकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या खुणा, साध्या अक्षरांत. एकाची खूण "कुत्र्याचं नाव", दुसऱ्याची "आपला मोती", तिसऱ्याने तर पासवर्डच खूण म्हणून लिहिलेला. किल्ली न शोधताही शब्दकोडं सुटावं तसे पासवर्ड सुटत गेले.

माझे निकाल: जुना पत्ता सात ठिकाणी फुटलेला. नोकरीचा एका ठिकाणी. त्याच पत्त्यातल्या नावापुढे अधिकचिन्ह आणि एखादा शब्द लावून केलेला उप-पत्ता वेगळा शोधावा लागला. मूळ पत्ता शोधला की तो आपोआप येत नाही.

सातपैकी दोन संकेतस्थळांची नावं वाचून मी तिथे कधी गेले होते हेच आठवेना. एकावर चित्रं जोडून भेटकार्ड बनवलं होतं बहुधा. एका भेटकार्डासाठी ईमेल, पासवर्ड आणि जन्मतारीख दिली होती मी.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवते, कारण मी तिथेच चुकत होते. साठा फुटल्याची तारीख वेगळी आणि तो बाहेर दिसल्याची वेगळी. लिंक्डइनमध्ये २०१२ साली चोरी झाली तेव्हा ६५ लाख हॅश दिसले होते. २०१६ मध्ये त्याच चोरीतला माल पुन्हा विकायला आला तेव्हा कळलं की खाती १६ कोटींच्या वर होती. मधली चार वर्षं लोक "आपलं नाव नव्हतं" म्हणून निवांत होते. म्हणजे आज यादीत नसणं ही आजपुरती बातमी. शिवाय काही साठे नाजूक म्हणून सार्वजनिक शोधात दाखवतच नाहीत. ते पाहायला पत्ता आपलाच असल्याची खातरजमा करावी लागते. मी ती केली. नवीन काही निघालं नाही.

५ मार्च

पत्ता फुटला म्हणजे आज वापरात असलेला पासवर्ड फुटलाच असं नाही. म्हणून पासवर्डच तपासायचे. पण तपासायला पासवर्ड दुसऱ्याच्या हातात दिला तर ते हात दाखवून अवलक्षण. इथली युक्ती मला फार आवडली, म्हणून सविस्तर.

पासवर्डाचा एसएचए-१ नावाच्या रीतीने हॅश काढायचा. मूळ शब्द केवढाही असो, बाहेर ४० चिन्हांची माळ पडते. त्यातली फक्त पहिली पाच चिन्हं त्याच 'हॅव आय बीन पोन्ड' सेवेला पाठवायची. सेवा त्या पाचांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फुटलेल्या हॅशांच्या उरलेल्या ३५ चिन्हांच्या शेपट्या परत देते, प्रत्येकीपुढे तो पासवर्ड किती वेळा दिसला तो आकडा. शेकडो शेपट्या येतात. आपली त्यात आहे का हे आपण आपल्या यंत्रावर पाहायचं. सोळा प्रकारची चिन्हं, पाच जागा, म्हणजे एकूण १०,४८,५७६ गट. सेवेला गट कळतो, माणूस त्यातल्या कुठल्या शेपटीसाठी आला ते कळत नाही. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सुरक्षेच्या कंपनीतल्या जुनेद अली यांनी ही रीत आखली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली. नावनोंदणी लागत नाही.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, हाताने करून पाहिलं. जुना, आता वापरात नसलेला पासवर्ड घेतला; बाबांना धमकीत आलेला तोच. उत्तर: सापडला नाही.

जीव भांड्यात पडला खरा, पण लगेच शंका आली. जो पासवर्ड धमकीच्या ईमेलीत उघड छापून आलाय तो यादीत नाही? मग 'पासवर्ड' हाच इंग्रजी शब्द तपासला. तोही नाही! जगातला सर्वांत बदनाम शब्द सापडत नाही म्हणजे चूक माझी. त्याचा हॅश पाच-बी-ए-ए-सहा असा सुरू व्हायला हवा. माझा भलताच होता. 'एको' ही आज्ञा शब्दाच्या शेवटी नवी ओळ जोडते. मी शब्दाचा नाही, शब्द अधिक एका अदृश्य चिन्हाचा हॅश काढत होते. ते चिन्ह काढल्यावर दोन्ही सापडले. बाबांचा आठ वेळा.

त्याच झटक्यात दुसरी चूक दिसली. टर्मिनल टाइप केलेली प्रत्येक ओळ इतिहासाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. म्हणजे चोरी झालीय का बघायला गेले आणि पासवर्ड साध्या अक्षरांत संगणकाच्या तबकडीवर ठेवून आले. फाइल साफ केली. यापुढे टाइप केलेलं न दिसणारी, कुठे न साठणारी विचारणा वापरायची.

६ मार्च

बाबांना फोनवर समजावलं.

"म्हणजे तू त्यांना माझा पासवर्ड सांगितलास?"

"नाही हो बाबा. समजा, कुणाचा तरी फोन नंबर हरवलेल्यांच्या यादीत आहे का बघायचंय. मी फक्त पहिले पाच आकडे सांगितले, त्यांनी त्या पाचांचे सगळे नंबर दिले, बाकीचं मी घरी बसून पडताळलं."

"मग सगळी यादीच का नाही आणत घरी?"

आणता येते. ती सगळी उतरवून घेता येते, फक्त ती अवाढव्य आहे आणि आमच्या तिघांसाठी एवढा खटाटोप नको. पण प्रश्न अगदी बरोबर होता.

८ मार्च

माझे सगळे पासवर्ड. ब्राउझरांत स्वतःची तपासणी असते (क्रोममध्ये २०१९ पासून, आयफोनमध्ये २०२० पासून) आणि एकाच ब्राउझरवर राहणाऱ्याला तेवढी पुरते. माझे पासवर्ड दोन ब्राउझर आणि एक फोन यांत विखुरलेले. म्हणून तिन्हींकडून निर्यात करून एक फाइल केली आणि पायथन या संगणकभाषेत लहानशी स्क्रिप्ट लिहिली.

निर्यातीची फाइल उघडून पाहिली की पोटात गोळा येतो. संकेतस्थळ, नाव, पासवर्ड, एकाखाली एक, काहीही न झाकलेलं. आणि ती ज्या फोल्डरमध्ये उतरली तो मेघसाठ्याशी (क्लाउडशी) जोडलेला! माझ्या लक्षात येईपर्यंत प्रत वर गेलेली. वरून काढली, तिथल्या कचरापेटीतून काढली, जुन्या आवृत्त्यांतूनही काढली. अर्धा तास त्यातच गेला. पुढच्या वेळी आधी जोडणी बंद, मग निर्यात. काम संपल्यावर फाइल आणि कचरापेटी दोन्ही रिकामी.

स्क्रिप्टचा पहिला निकाल: शून्य. या वेळी आनंद झाला नाही, सरळ 'पासवर्ड' घालून पाहिला. तोही शून्य. पायथन हॅशातली अक्षरं लहान लिपीत देतं, सेवेकडून मोठ्या लिपीत येतात, जुळणार कशी? एक शब्द बदलला. आता स्क्रिप्ट दर वेळी आधी हा एक बदनाम शब्द तपासते आणि तो सापडला नाही तर पुढे जातच नाही.

दुसरा निकाल:

ओळी १८७. त्यातल्या ९ रिकाम्या. उरल्या १७८. त्यांत वेगवेगळे पासवर्ड फक्त ५२.

५२ पैकी ११ फुटलेले. हे ११ मिळून ९६ खात्यांवर.

त्यातला एकटा ४१ खात्यांवर.

हा शेवटचा आकडा मी स्क्रिप्ट पुन्हा चालवून दोनदा पाहिला. तो पासवर्ड यादीत फक्त तीनदा दिसलेला. तीनदा म्हणजे काहीच नाही असं क्षणभर वाटलं. पण चोराला एकदाच पुरतो. फुटलेली जोडी घ्यायची आणि ती शेकडो संकेतस्थळांच्या दारांवर यंत्राने लावून बघायची, हा आता रोजचा धंदा आहे. एखाद्या क्षुल्लक भेटकार्डवाल्याकडून गेलेली किल्ली माझी बाकीची चाळीस कुलुपं उघडते. भेटकार्डवाल्याला दोष द्यायचा तेवढा देईन, पण चाळीस कुलुपांना तीच किल्ली मी लावली होती.

९ मार्च

आकड्यांचा अर्थ लावण्यात रविवार गेला.

आकडा मोठा असेल तर तो शब्द सगळ्यांना सुचणारा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१९ मध्ये याच यादीवरून काढलेल्या हिशेबात 'एक ते सहा' हे अंक २.३२ कोटी वेळा होते. आकडा लहान, एक-दोन-तीन, असेल तर बहुधा तो शब्द दुसऱ्या कुणाला सुचलेला नाही, म्हणजे ती नोंद आपलीच. माझ्या मते लहान आकडा जास्त घाबरवणारा आहे. मोठ्यात निदान गर्दी असते.

मग न सापडलेले ४१ पासवर्ड वाचले. यादी त्यांना ओळखत नाही, पण मी ओळखते ना. त्यांतले ९ हे फुटलेल्यांचेच भाऊबंद: पहिलं अक्षर मोठं, शेवटी उद्गारचिन्ह, सालाचा आकडा एकाने पुढे. सक्तीने दर तीन महिन्यांनी बदलायला लावलं की माणूस हेच करतो. पासवर्ड फोडणारी साधनंही नेमकी हेच करतात. फुटलेला शब्द घेऊन त्याला शेपट्या-मुकुट लावून बघतात. रॉकयू नावाच्या कंपनीतून २००९ मध्ये उघड्या रूपात फुटलेले सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड आजही अंदाज बांधायचा शब्दकोश म्हणून वापरले जातात. तेव्हा हे ९ फुटलेलेच धरले. त्यांच्यावर २३ खाती.

एकूण बदलायचे पासवर्ड २०, खाती ११९.

१० मार्च

कुठून सुरू करायचं यावर ताईशी वाद. तिचं म्हणणं बँक आधी. माझं म्हणणं ईमेल आधी, कारण "पासवर्ड विसरलात?" या दुव्याचं पत्र ईमेलवरच येतं, ज्याच्या हाती ईमेल त्याच्या हाती बाकी सगळं. शेवटी ईमेल आधी, बँक लगेच मागून.

ईमेलचा पासवर्ड बदलून भागत नाही. लॉग-इन असलेली सगळी उपकरणं बाहेर काढली (एक जुना फोन निघाला, जो मी विकून टाकलाय). पत्रं दुसरीकडे आपोआप वळवण्याचे नियम तपासले, कारण आत आलेला माणूस जाताना असा नियम ठेवून जातो आणि मग पासवर्ड बदलला तरी आपली पत्रं त्याला मिळत राहतात. तसं काही नव्हतं. परत मिळवण्यासाठी दिलेला पर्यायी पत्ता मात्र त्या सात ठिकाणी फुटलेल्या खात्याचा. बदलला. दुसरा टप्पा म्हणून कोड देणारं ॲप लावलं आणि अडीनडीचे कोड कागदावर लिहून कपाटात ठेवले.

नवे पासवर्ड व्यवस्थापकाने (पासवर्ड बनवून सांभाळणाऱ्या ॲपने) बनवलेले, प्रत्येक खात्याला वेगळा. मला स्वतःला फक्त एक पाठ, पाच असंबद्ध शब्दांचा.

त्रास संकेतस्थळांचा. एक म्हणे बारा अक्षरांच्या वर नको. दुसरं चिकटवूच देत नाही, वीस विचित्र चिन्हं हाताने टाइप करा. अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच लिहून ठेवलंय: लांब पासवर्ड घ्या, चिकटवू द्या, ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती करू नका, आणि नवा पासवर्ड फुटलेल्यांच्या यादीत आहे का ते तपासा. बारा अक्षरांच्या मालकाने ते वाचलेलं नाही.

१३ मार्च

ताईची पाळी. तिचा सिद्धांत असा की रोमन लिपीत लिहिलेलं मराठी कुणाला कळणार? तिचं टोपणनाव आणि जन्मसाल: सहा वेळा सापडलं. "सहा? माझ्यासारख्या अजून पाच जणी?" कदाचित. कदाचित तीच सहा ठिकाणी.

तिचा एक पासवर्ड चक्क देवनागरीत. सापडला नाही, पण इथे सापळा आहे. त्यात 'ऱ्ह' होता. हा अर्धा ऱ संगणकात एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट वेगळे, हॅश पूर्ण वेगळा. फोनच्या कळफलकावरून आणि लॅपटॉपवरून तपासलं तर दोन वेगळे हॅश. तिला कधीकधी फोनवरून लॉग-इन का होत नाही, याचं कोडंही बहुधा तिथेच सुटलं. दोन्ही रूपं तपासली, दोन्ही स्वच्छ.

मग खरी गडबड. तिच्या यादीत व्यवस्थापकाने बनवलेला, १८ यादृच्छिक चिन्हांचा, एकाच खात्यावर वापरलेला पासवर्ड सापडला. आकडा एक. असा पासवर्ड अंदाजाने सापडत नाही आणि नीट हॅश केलेल्या साठ्यातून तो कुणी उकलून काढेल असंही नाही. दोनच वाटा उरतात: त्या संकेतस्थळाने तो उघडा ठेवला होता, नाहीतर ताईच्या यंत्रातूनच उचलला गेला. ब्राउझरात साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉग-इनच्या कुकीज (आपण आत आहोत हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या नोंदी) एकगठ्ठा उचलणारी चोरटी आज्ञावली असते. अशी लूटही आता या याद्यांत येते.

"ताई, लॅपटॉपवर अलीकडे काय टाकलंस?"

"मी काही नाही. याने खेळाचं काहीतरी फुकटचं उतरवलं होतं, नाताळच्या सुट्टीत." याने म्हणजे भाच्याने. भाचा फोनच्या आसपास असावा, कारण लगेच दार आपटल्याचा आवाज आला.

काम थांबवलं. आजारी यंत्रावर बसून पासवर्ड बदलणं म्हणजे नवी किल्ली चोराच्याच समोर घडवणं.

१५ मार्च

ताईचा लॅपटॉप पुसून नव्याने उभा केला. फाइलींच्या प्रती घेतल्या, आज्ञावल्यांच्या नाही. पासवर्ड मधल्या काळात तिच्या फोनवरून बदलले आणि प्रत्येक ठिकाणी "सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढा" दाबलं. ते दाबलं नाही तर चोरलेली कुकी पासवर्डाशिवायच आत नेते, दुसऱ्या टप्प्यालाही वळसा घालून. फोनवरून हे सगळं सांगत करून घेणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पाच तास लागले.

१७ मार्च

बाबा. खाती एकूण १४, सगळी एका वहीत, सुवाच्य अक्षरात. या वहीवरून मी त्यांना पूर्वी किती हसलेय. वहीतल्या १४ पैकी फुटलेले दोन, आणि दोन्ही मी बनवून दिलेले. त्यांनी स्वतः सुचवलेले बारा स्वच्छ. घरातल्या कपाटातली वही इंटरनेटवरून कुणी चोरू शकत नाही. वही राहू दिली. दोन पासवर्ड बदलले, ईमेलवर दुसरा टप्पा लावला, आणि वहीच्या मागच्या पानावर अडीनडीचे कोड.

"मग ती ईमेल?"

"काढून टाका बाबा."

"कधीच काढली. तू आपली वही लिहीत बस."

२२ मार्च

माझ्या ११९ चा हिशेब. १७ संकेतस्थळं बंदच पडलेली. ३४ खाती कायमची काढून टाकली. काही ठिकाणी काढण्याचा दुवा इतका खोल पुरलेला की उत्खननच. ६५ चे पासवर्ड बदलले. उरली ३.

तिघांच्या पत्त्यांवर नव्या फुटीची सूचना येईल अशी सोय केली. स्क्रिप्ट ठेवली, निर्यातीची फाइल नाही.

उरलेल्या तिनांपैकी दोन ठिकाणी पासवर्ड बदलण्याची सोयच सापडत नाही. मदतकेंद्राला लिहिलंय.

तिसऱ्यावर "पासवर्ड विसरलात?" दाबलं. मिनिटभरात पत्र आलं. बदलायचा दुवा नव्हता त्यात. होता माझा तोच एकेचाळीस कुलुपांचा पासवर्ड, साध्या अक्षरांत, ठळक करून, वर "प्रिय ग्राहक". खातं बंद करा म्हणून उत्तर पाठवलं. ते परत आलं: या पत्त्यावर पत्रं स्वीकारली जात नाहीत.